पाटीवरची मोकळी जागा

प्रा. नेमगोंडा मगदूम सरांची आणि माझी पहिली ओळख एका कोसळलेल्या मांडवामुळे झाली. सांगलीच्या महाविद्यालयात मी एम. ए.ला नुकताच प्रवेश घेतला होता. स्नेहसंमेलनाच्या दिवशीच मांडव पडला. कुणाला लागलं नाही, पण वर्गात दुसरा विषय नव्हता. सर तासाला आले, हजेरी घेतली आणि म्हणाले, काल काय झालं ते प्रत्येकाने एका पानावर लिहा. आम्ही उत्साहाने लिहिलं. कुणी वाऱ्याला दोष दिला, कुणी विद्यार्थी प्रतिनिधीला, एकाने तर प्राचार्यांच्या भाषणाला. सरांनी सगळी पानं मोठ्याने वाचली. आम्ही हसून बेजार झालो. मग त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "मांडववाल्याला कुणी विचारलं का?"

कुणीही विचारलं नव्हतं. सर आम्हाला तसेच उठवून मैदानावर घेऊन गेले आणि वासे गोळा करणाऱ्या त्या माणसासमोर उभं केलं. उत्तर-आधुनिकता हा शब्द मी पुढे तीन महिन्यांनी ऐकला, पण सरांच्या मते त्याचा पहिला धडा आम्ही त्या मैदानावरच शिकलो होतो. इतिहास कोण सांगतो, कुणाला सांगतो आणि कुणाला विचारायचं राहून जातं, हे आधी बघायचं.

हा विचार सरांकडे पुण्याच्या एका चर्चासत्रातून आणलेल्या झेरॉक्स प्रतींच्या गठ्ठ्यातून आला. त्या काळी आमच्या भागात इतिहास म्हणजे लढाया, तह आणि वंशावळी. सगळ्या जगाचा म्हणून सांगितला जाणारा एकच मोठा इतिहास संशयाने वाचावा, दप्तरातला कागदही कुणीतरी कशासाठी तरी लिहिलेला असतो, असं सर सांगू लागले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्यांची पुष्कळ थट्टा झाली. मगदूमांच्या वर्गात गेलं की काहीच खरं उरत नाही, असं म्हणत. सर त्या थट्टेत सामील होत आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांपुढे फिरवत.

माझं इंग्रजी बेताचं होतं. म्हसवडजवळच्या खेड्यातून आलेल्या मुलीला ते ग्रंथ पेलण्यासारखे नव्हते. सरांनी दोन वर्षं दर रविवारी मला घरी बोलावून एकेक प्रकरण मराठीत समजावलं. मध्येच उसाच्या पाळीचा फोन आला तर पाणी सोडण्याच्या सूचना देऊन सर पुन्हा त्याच ओळीवर येत. सर सूर्यास्तापूर्वी जेवतात. त्यामुळे कितीही रंगलेली चर्चा काकू ताटं मांडून थांबवत, आणि माझंही ताट त्यात असे. मी फुकट शिकते आहे असं मला कधी वाटू दिलं नाही. या दोघांचे उपकार मी मानते, आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

सरांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्यांना एक दंडक पाळावा लागे. ज्यांनी माहिती सांगितली, त्यांना लिहिलेलं प्रकरण, छापण्यापूर्वी, समोर बसून वाचून दाखवायचं. त्यांच्या भाषेत समजावत वाचायचं. सर म्हणत, त्यांनी तुम्हाला त्यांचे दिवस दिलेत, तुम्ही त्याचं काय केलंत हे त्यांना कळलं पाहिजे. मला हा दंडक वेळखाऊ वाटे. चौदा वर्षांपूर्वी त्यानेच माझे डोळे उघडले.

माझा पीएच. डी.चा प्रबंध आमच्याच गावच्या पाझर तलावावर होता. बहात्तरच्या दुष्काळात तो बांधला गेला. बांधावरच्या जुन्या पाटीवर त्या वेळच्या सरपंचांचं एकट्याचं नाव होतं. गावातले निवृत्त सुभेदार सांगत, रजेवर आलेल्या फौजी गड्यांनी पाया खोदला म्हणून तलाव उभा राहिला. आमच्या गल्लीतली हौसाक्का सांगे की बांधाच्या आतल्या अंगाचं दगडी अस्तर, ज्याला तिथे सगळे पिचिंग म्हणतात, ते बायकांच्या टोळीने बसवलं आणि खडीही त्यांनीच फोडली. तेव्हा ती नवी नवरी होती. मी तिन्ही हकिकती लिहिल्या आणि मोठ्या ऐटीत समारोप केला: ही तीन समान कथनं आहेत, यांतलं सत्य कोणतं हे ठरवणं शक्य नाही आणि आवश्यकही नाही. सरांकडून शिकलेलं सगळं त्या एका वाक्यात उतरलं, असं मला वाटत होतं.

नेमकी त्याच वर्षी बांधाची दुरुस्ती निघाली आणि जुनी पाटी बदलायचं ठरलं. मजकूर मी लिहावा असं ग्रामपंचायतीने सांगितलं. माझा समारोप ऐकून पंचायतीतली मंडळी खूश झाली. काहीच ठरवता येत नसेल तर जुनाच मजकूर पुन्हा कोरू, असं त्यांचं म्हणणं. 

दंडकाप्रमाणे मी हौसाक्काच्या ओसरीवर वाचायला बसले. ती ज्वारी निवडत ऐकत होती. समारोप मी सोपा करून सांगितला तसा तिचा हात थांबला.

"म्हंजी म्या खडी फोडली का न्हाई, ह्ये तुला ठावं न्हाई व्हय गं?" ती म्हणाली. "मग चार महिनं मी कुणासंगं बोलत हुते?"

मला तोंड वर करवेना. मग तीच म्हणाली की पाणी आटलं की बांधाच्या दक्षिण टोकाला जाऊन बघ. दुष्काळात रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी दळून दळून तिचं जातं तडकलं होतं. पिचिंगमध्ये एके ठिकाणी दगड बसेना, तेव्हा तिने जात्याची खालची तळी घरून आणून तिथे बसवली होती. हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण मी तिला काय केलं एवढंच विचारलं होतं, खूण काय ठेवली हे विचारलं नव्हतं.

मी सरांना फोन केला. रागावतील अशी माझी खात्री होती. सर निवृत्त होऊन वर्षच झालं होतं. एवढंच म्हणाले, मे महिन्यात येतो. आणि ऐन उन्हात एसटीने, विट्याला गाडी बदलून, छत्री गाडीत विसरून, सर आमच्या गावात उतरले.

पाणी तळाला गेलं होतं. हौसाक्का पुढे, मागे सर, मी, पंचायतीचे दोघे आणि सुभेदार. दक्षिण टोकाला वाळलेला गाळ तिने खुरप्याने खरवडला. काळ्या दगडांच्या रांगेत एक गोल दगड होता, मधोमध भोक, अंगावर टाकीच्या खुणा आणि एक तडा.  हौसाक्काने त्यावर नुसता हात ठेवला.

सुभेदार वाकून बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "आवं सर, ह्ये जातंच हाय. बाया हुत्या तवा, लय हुत्या. मला कुणी इचारलंच न्हाई, म्या बी सांगितलं न्हाई."

परतताना बाभळीच्या सावलीत सरांनी मला जे सांगितलं ते मी आजही प्रत्येक वर्गाला सांगते. हकिकती अनेक असतात, हे आपल्याला उत्तर-आधुनिकतेने शिकवलं आणि त्याबद्दल कृतज्ञ राहावं. त्यामुळेच आपण पाटी सोडून हौसाक्काकडे गेलो. पण अनेक आहेत म्हणून सगळ्या सारख्या, असं म्हणून हात झटकले की पाटी ज्याच्या हातात त्याचंच नाव राहतं. आणि जातं सापडलं म्हणून सुभेदारांचा पाया खोटा ठरत नाही, तेही लिही, असं बजावायला सर विसरले नाहीत. माझं प्रकरण मी नव्याने लिहिलं. पदवीला वर्षभर उशीर झाला.

नवा मजकूर सरांच्या आग्रहाने आधी चावडीत सगळ्यांना वाचून दाखवला. सरपंचांचं नाव राहिलं, फौजींची आली, आणि हौसाक्काने बोटांवर मोजत आठवलेल्या तेवीस बायकांची आली. पाथरवट शेवटची ओळ कोरणार तेव्हा सरांनी पाटीच्या खाली वीतभर जागा मोकळी ठेवायला सांगितली. कुणाला आठवेल तसं कोरता यावं म्हणून. गावाने त्यावर खूप चेष्टा केली, पण आजवर त्या जागेत चार नावं आली आहेत. चौथं कडेगावला दिलेल्या एका लेकीने, आपल्या आईचं, गेल्या दिवाळीत आणलं.

मी आता कोरेगावला शिकवते. माझे विद्यार्थीही वाचून दाखवतात, कुरकुरतात आणि कधीतरी ओसरीवर खाली मान घालून बसतात. तेव्हा मला बरं वाटतं. सरांचं काम पुढे चाललं आहे याची ती मला पटणारी खूण आहे.

सरांच्या गौरवासाठी लिहिलेला हा लेखही त्याच दंडकातून सुटला नाही. गेल्या आठवड्यात गावी जाऊन मी तो हौसाक्काला वाचून दाखवला. आता तिला नीट दिसत नाही, ऐकू मात्र चांगलं येतं. सरांच्या छत्रीवर ती हसली. शेवटी सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो असं मी नेहमीसारखं लिहिलं होतं. ते तिला काही पुरेसं वाटलं नाही. किती वर्षं, ते नीट लिही म्हणाली. मी म्हटलं, तूच सांग.

"पाटीवर अजून जागा हाय," हौसाक्का म्हणाली. "ती भरंस्तवर ऱ्हावा म्हनावं सरास्नी."

सर, आमच्या गावाला नावं हळूहळू आठवतात. आम्हा सगळ्यांची इच्छा तीच आहे.