लिटरला चौदा

गाडीवर जिवापाड प्रेम करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण गाडीने आपल्याला फसवलं या गोष्टीवर जिवापाड प्रेम करणारा माणूस परमेश्वराने एकच घडवला, आणि तो माझे मामेसासरे म्हणून माझ्या वाट्याला दिला. दुसऱ्याची गाडी बंद पडली तर तो चिडतो, शिव्या देतो आणि मेकॅनिकला फोन करतो. आमच्या मामांची गाडी कुरकुरली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. ते खुर्चीत ताठ बसतात, मामींना कॉफी टाकायला सांगतात आणि मला फोन करतात. "जांवई, मी काय म्हटलें होतें?" एवढंच म्हणतात. त्यांनी काय म्हटलं होतं ते मला पाठ असतं, तरी मी विचारतो, कारण न विचारल्यास ते दुखावतात.

मी मूळचा साताऱ्याकडचा. तंजावूरच्या एका कॉलेजात शिकवायला आलो आणि इथल्याच एका मराठी घरचा जावई होऊन राहिलो. साडेतीनशे वर्षांपूर्वी बायकोच्या कुणा पूर्वजाने इकडे घोडा आणला आणि तो परत नेला नाही. तेव्हापासून हे लोक इथलेच. घरात जुन्या वळणाचं मराठी, रस्त्यात तमिळ, बँकेत इंग्रजी. कुलदेवता मात्र तुळजापूरची. तिला दिवा लावतात, नैवेद्य दाखवतात, पण प्रत्यक्ष पाहिलेलं घरात कुणीच नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मामांनी मामींना शब्द दिला होता, "तुजला स्वतःच्या वंडींत बसवून देवीस नेईन." वंडी म्हणजे गाडी. त्या वेळी मामांकडे सायकल होती. पुढे शेतकी खात्यातली नोकरी झाली, ओरत्तनाडूची भातशेती वाढली, केस पिकले, आणि शेवटी त्रिचीच्या एका डॉक्टराकडून मामांनी परदेशी बनावटीची एक प्रचंड एसयूव्ही विकत घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काडीचा दोष नाही. गाडी गल्लीत शिरली तेव्हा समोरच्या घरातली माणसं बाहेर आली, कारण त्यांच्या खिडकीतला उजेड गेला होता.

आता निघायला हरकत नव्हती. पण विकताना त्या डॉक्टराने एक वाक्य बोलून ठेवलं होतं, की ही लिटरला चौदा देते. मामांनी पहिल्या टाकीला मोजलं तर आठ आलं. झालं, तिथं घोडं अडलं. "चौदा आल्यावांचून जाणें नव्हे," मामा म्हणाले. "आठ देणारी वंडी खोटें बोलणारी वंडी. अर्ध्या वाटेंत निजली तर देवी काय ढकलायास येणार कां?" देवीसाठी मामींनी हिरवी साडी आणून ठेवली होती, ती कपाटात परत ठेवली. वर्षभराने देवीला जुनी साडी कशी द्यायची म्हणून नवी आणली आणि जुनी स्वतः नेसल्या. अशा तीन हिरव्या साड्या त्यांनी नेसून जुन्या केल्या.

चौदा यावेत म्हणून मामांनी जे केलं त्याला तपश्चर्याच म्हणायला हवं. ते अनवाणी गाडी चालवत, कारण चप्पल घातली की पाय जड पडतो. एसी लावला तर डिझेल खातो म्हणून एसी बंद. काच उघडली तर वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो म्हणून काचाही बंद. ऐन मे महिन्यात पापनाशमला एका लग्नाला आम्ही चौघे असे गेलो. पोचेपर्यंत आम्ही शिजलो होतो. नवरीच्या आईने आम्हाला पाहून आधी ताक आणवलं आणि मग नमस्कार केला. तंजावूर म्हणजे तळहातासारखं सपाट गाव. उतार म्हणून काय तो एका उड्डाणपुलाचा. तेव्हा फुकट घरंगळण्यासाठी मामा दोन किलोमीटर वाट वाकडी करून त्या पुलावरून जात. चढताना जे जातं त्याचं काय, असं मी एकदा विचारलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

वजनाचं प्रकरण तर विचारूच नका. मामी नारळाची पिशवी घेऊन बसल्या की ते पिशवीकडे पाहत, मग मामींकडे पाहत आणि सुस्कारा सोडत. मला त्यांनी सरळ विचारलं होतं, "आपलें वजन किती, जांवई?" शेवटी त्यांनी सगळ्यात मागच्या दोन सीट काढून घराच्या ओट्यावर मांडल्या. चामडी, गुबगुबीत, हात ठेवायला जागा असलेल्या. आलेल्या पाहुण्याला तिथेच बसवतात. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा कॉफीचा पेला हातात देत मामा अगदी गंभीरपणे म्हणाले, "पट्टा लावावा कां?" पट्टे त्यांनी काढले नव्हते. पंपावर टाकी काठोकाठ भरावी म्हणून ते डिझेल ओतत असतानाच गाडी हलवायला लावत. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने मामी पदर खोचून. पंपावरच्या बायका लांबून आमची गाडी आली की एकमेकींना हाका मारत.

एवढं करून आकडा दहावर गेला, आणि तिथे रुतला. त्यानंतर आली खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा. त्या दिवशी तंजावूरात सायकलपासून बसपर्यंत सगळ्यांना केळीचे खुंट बांधतात, चाकाखाली लिंबं चिरडतात, चंदन-कुंकू लावतात. त्या वर्षी मामांनी गाडीची पूजा अशी केली की तिच्यापुढे देव्हाऱ्यातली फिकी पडावी. आणि दुसऱ्याच दिवसापासून गाडीच्या अंगात आलं. समोर चिटपाखरू नसताना ती ब्रेक मारू लागली. स्टीअरिंगमागच्या पडद्यावर पिवळे दिवे, तांबडे दिवे, घंटा. एकदा तर मोठ्या देवळापाशी मोकळ्या रस्त्यावर अशी थबकली की मागचा रिक्षावाला उतरला, गाडीपुढे काही आडवं गेलं का ते पाहिलं, आणि काही नाही म्हटल्यावर त्यानेच नमस्कार केला.

मामांच्या आयुष्यात सोन्याचे दिवस सुरू झाले. इंटरनेटवर अशा गाडीवाल्यांचा एक अड्डा आहे. तिथे ते इंग्रजीत लांबलचक अनुभव लिहू लागले. सुरुवात नेहमी "आदरणीय सहपीडितांनो" अशी. सेलम, मदुराई, कोईम्बतूर, कुठून कुठून लोक त्यांना फोन करत. ज्यांच्या गाड्या उत्तम चालत होत्या तेसुद्धा मामांचं वाचून रात्री-अपरात्री पार्किंगमध्ये जाऊन पाहू लागले. मामा सगळ्यांना धीर देत. "चांगली चालते म्हणतां? आणीक सहा मास थांबा." गाडी बिघडत होती म्हणून दर शुक्रवारी ते तिची दृष्ट काढून ताजं चंदन लावत, आणि शनिवारी ती जास्तच बिघडे.

याच सुमाराला मामींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, पोंगल झाला की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करू. पुढे लांबचे प्रवास, पायऱ्या वगैरे विसरायचं. त्या दिवशी मामींनी चौथी हिरवी साडी आणली. मामांना एवढंच म्हणाल्या, "यंदा तरी जाणें होणार कां?" मामांनी गाडीच्या पडद्यावरच्या तांबड्या दिव्याकडे बोट दाखवलं.

मी आणि बायकोने मग परस्पर त्रिचीच्या वर्कशॉपात फोन केला. तिथून एक इंजिनिअर बाई आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. मामांनी त्यांच्यापुढे चार वर्षांची फिर्याद वाचायला घेतली. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या जाळीजवळ वाकून पाहिलं, मग समोरच्या काचेच्या वरच्या भागाला नखाने खरवडलं आणि मामींकडे ओलं फडकं मागितलं. दोन मिनिटं पुसलं. गाडी सुरू केली. एकही दिवा नाही, घंटा नाही.

"सर," बाई तमिळमधून म्हणाल्या, "पुढची वाट पाहायला गाडीला इथे एक डोळा असतो, काचेत दुसरा. तुम्ही दोन्हींवर चंदन थापलंय. तिला दिसतच नव्हतं."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो असा. मामा मला म्हणाले, "गंध लावावें तें कपाळासच ना? वंडीचें कपाळ तेंच." मग तमिळमध्ये बाईंना दरडावून विचारलं, "आणि चौदाचं काय?" बाईंनी हात पुसले. चौदा छापील कागदावर असतात, म्हणाल्या. रस्त्यावर या गाडीला अकरा मिळाले तर देवाचे आभार माना, आणि तुम्हाला दहा मिळतात म्हणजे तुमच्याइतकी चांगली ही गाडी कुणी चालवत नसेल. एवढं कौतुक होऊनही मामा हिरमुसले. त्या गेल्यावर ते ओट्यावरच्या सीटवर बसले. मी शेजारच्या सीटवर बसलो. चार वाजले होते, गल्लीत फुलवाली ओरडत होती, आणि मामांकडे न जाण्याचं एकही कारण उरलं नव्हतं.

"कधी निघायचं?" मी विचारलं.

गाडीकडे पाहत ते म्हणाले, "जांवई, तिकडे मी तोंड उघडलें कीं लोक हांसतील."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते खरंच बोलत होते. मागे एकदा पुण्याहून कुणी प्राध्यापक आले होते. त्यांनी मामांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि हसत हसत 'किती गोड, किती गोड' म्हणत पुन्हा पुन्हा ऐकलं. मामांनी त्यांना जेवू घातलं, स्टेशनवर सोडलं, आणि मनात गाठ बांधली. "इथें आम्हांस मराठीवाले म्हणतात. तिथें मदराशी म्हणतील. देवीपुढें उभा राहून मीं काय बोलावें? तीही हांसली तर?"

मी मान खाली घातली. कारण लग्नाची बोलणी चालू असताना या माणसाने मला पहिल्यांदा "आपण कोठील?" असं विचारलं तेव्हा मीही हसलो होतो. ते विसरले असतील असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मला त्या क्षणी स्वतःची अतिशय लाज वाटली.

मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रागावल्या नाहीत. "तुमी राहा," त्या म्हणाल्या. "मी जातें. माझे गुडघे थांबायचे नाहींत."

आम्ही तिघं रेल्वेने निघालो. मी, बायको आणि मामी. स्टेशनवर सोडायला मामाच आले. त्या दिवशी त्यांनी एसी लावला होता आणि पायात चप्पल होती. डब्यात त्यांनी मामींची उशी दोनदा सरकवली, हिरवी साडी असलेली पिशवी वरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि गाडी हलायच्या आत खाली उतरले.

चेन्नईला गाडी बदलून सोलापूर, तिथून भाड्याची टॅक्सी. तुळजापूरच्या पायऱ्या मामी एकेक करून उतरल्या. दर पायरीला बायकोचा खांदा आणि देवीचं नाव. ओटीचं सामान विकणाऱ्या एका म्हातारीपाशी थांबून त्यांनी तंजावुरी मराठीत नारळ मागितला, तांदूळ मागितले, साडी कशी अर्पावी ते विचारलं. म्हातारीने सगळं नीट सांगितलं, सुटे पैसे परत दिले आणि म्हणाली, "माझी आजी असंच बोलायची बघा. लांबून आलासा?" मामी म्हणाल्या, "हो, फार लांबून." बस, एवढंच. चार वर्षं ज्याची धास्ती घेतली ते अर्ध्या मिनिटात नारळाबरोबर उरकलं, आणि ज्याने घेतली तो हजार किलोमीटरवर ओट्यावर बसला होता.

पोंगलनंतर मामींचं ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. मामा त्यांना व्यायामाला नेतात त्या गाडीतून, एसी लावून, पुलाचा वळसा न घेता. त्या म्हातारीची गोष्ट मी त्यांना रंगवून सांगितली. त्यांनी ती माझ्याकडून तीनदा वदवून घेतली. एकदा मामींना म्हणाले, "वंडी आतां बरी आहे. सावकाश जाऊं, दोन मुक्काम करूं." मामी मायेने हसून म्हणाल्या, "माझें झालें. आतां तुमी जाऊन या." एकटे ते जाणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक आहे. अड्ड्यावर हल्ली ते लिहीत नाहीत. सहपीडित अधूनमधून मलाच फोन करून प्रकृती विचारतात.

गेल्या रविवारी आम्ही दोघेच अंगणात होतो. मामा गाडीची काच पुसत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "जांवई, दारापाशीं गेल्यावर, मूर्ति दिसली तेव्हां, तिचें तोंड कसें होतें?"

मी सांगितलं. मामी रडत होत्या, म्हणालो, आणि हसतही होत्या. हात जोडलेले होते, पुजाऱ्याने पुढे व्हा म्हटलं तरी हलल्या नाहीत. लहान मुलीसारख्या दिसत होत्या. सगळं खरं होतं. मामा ऐकत राहिले आणि "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत मान हलवत राहिले. त्या गर्दीत मामींनी शेजारी एका माणसापुरती जागा हाताने धरून ठेवली होती आणि दोनदा मागे वळून पाहिलं होतं, तेवढं मात्र मला त्यांना सांगवलं नाही.