जुना नाइस की नवा?

“जुना की नवा?” कुणी ‘नाइस’ म्हटलं, की हैदराबादच्या कुकटपल्लीतले आमचे शेजारी काका डोळे बारीक करून विचारायचे.

काकांनी जन्मभर एका कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या पिशव्या तपासल्या. निवृत्तीनंतर ते शब्द तपासू लागले. इंग्रजीत ‘नाइस’चा अर्थ काही शतकांपूर्वी ‘मूर्ख’ असा होता, हे त्यांनी मोबाइलवर कुठंतरी ऐकलं आणि इमारतीची शांतता गेली. समोरच्या तेलुगू बाईंनी त्यांच्या नव्या शर्टाला नाइस म्हटलं, तर तो शर्ट त्यांनी पुन्हा अंगाला लावला नाही.

“आणि ‘सिली’ म्हणजे पूर्वी भाग्यवान, बरं का! कोण शिवी देतंय, कोण आशीर्वाद, काही कळायची सोय नाही.”

तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं.

मग त्यांच्या लेकीला, वसुधाला, विद्यानगरचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. मुलगी बघून गेल्यावर त्याचा मेसेज आला, ‘व्हेरी नाइस फॅमिली.’ काका मोबाइल घेऊन थेट माझ्याकडे.

“इंग्रजीचा मास्तर आहे. जुना अर्थ त्याला ठाऊक असणारच.”

“काका, कायको परेशान होता? चांगलंच लिहिलंय त्यानं.”

“आधी बघून गेलेल्यांनीही चांगलंच म्हटलं होतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पुन्हा फोन आला का कुणाचा?”

माझं हसू तिथंच विरलं.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते विद्यानगरला गेले. खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्यांनी मुलाला विचारलं, “नाइसचा जुना अर्थ काय?”

“मूर्ख,” तो सवयीनं बोलून गेला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बघितलंस?’ असं त्यांचे डोळे विचारत होते. मुलगा गोंधळला. मग सगळा प्रकार त्याच्या ध्यानात आला. तो हसला नाही.

“मराठीतच सांगतो, काका. मला वसुधा आवडली. पण मी तिला आवडलो का, हे कुणी विचारलंय तिला?”

काका तसेच उठले. खाली जिन्यात आल्यावर त्यांनी घरी फोन लावला. ऐकू कमी यायचं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

“काय गं... तुला तो आवडलाय का?”



“हौ बाबा. खूप. तुम्ही मला सोडून सगळ्यांना विचारत होता.”

काका तिथंच पायरीवर बसले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

लग्न झालं. पुढं काका आजारी पडले आणि लेकीकडे राहायला गेले. मागच्या थंडीत ते वारले. त्याआधी एकदा मी भेटून आलो होतो. त्यांच्या हाताला कंप सुटला होता, कप धरवत नव्हता. जावई शेजारी बसून चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायचा आणि बशी त्यांच्या ओठांशी न्यायचा. काका डोळे मिटून पीत होते.