वही कोणत्या बाजूनं उघडली?

नजमुन्निसाच्या घरात मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती. पूर्वी होती. तिचे अब्बा करीममियाँ अदालतीत उर्दू कागदांच्या नकला करायचे, आणि घरी आले की अंगणातूनच असं पाणी मागायचे की शहागंजच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही कळावं. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांतून उर्दू गेली आणि तिच्या मागोमाग अब्बांचा आवाजही गेला. त्याला दहा-बारा वर्षं उलटली, तरी दाराची कडी वाजली की घरातले आधी एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. सरकारी कचेरीची पायरी चढायची नाही, शिपाई दिसला तर बाजूला व्हायचं, कुणी नाव विचारलं तर तेवढंच सांगून गप्प बसायचं. अशा घरातली पोरगी एक दिवस म्हणाली, मला इंग्रजीच्या परीक्षेला बसायचंय. आता बोला!

परीक्षा होती टेलिफोनवर बसणाऱ्या मुलींच्या ट्रेनिंगसाठी. खातं कोणतं ते मी सांगत नाही. लोकांची अब्रू आपण कशाला चव्हाट्यावर आणायची? जागा दोनच होत्या आणि अर्ज ढीगभर आलेले. पेपर सगळा इंग्रजीचा. गाळलेल्या जागा भरा, उलट अर्थाचे शब्द लिहा, दिलेल्या शब्दांची वाक्यं करा, असला मामला. नजमुन्निसा शिकली होती उर्दू शाळेत. इंग्रजी तिनं पाहिलं होतं ते लांबूनच, जसा आपण वाघ पाहतो.

 अब्बा हळूच म्हणाले, "एकदा बस. एकदाच. नाय जमलं तर इंग्रजीचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही." बस्स, एवढी एकच संधी. ती हुकली की बुरखा खुंटीला आणि पोरगी चुलीला, हे न सांगताच तिला कळलं.

शिकवायला देवासारखे भेटले नानासाहेब. गल्लीच्या तोंडाला राहणारे, रिटायर झालेले पोस्टमास्तर. माणूस फणसासारखा. सकाळी ओसरीवर बसून तिला शब्द द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो आला नाही की अशी काही नजर लावायचे की आलेलेही चार शब्द पळून जायचे. नजमुन्निसानं मग आपली युक्ती काढली. प्रत्येक शब्द ती घरातल्या कुणाला तरी चिकटवायची. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी, म्हणजे आपली शेळी. 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू, म्हणजे मोठी खाला, अम्मीची थोरली बहीण. 'टिमिड' म्हणजे भित्रा. तो शब्द कुणाला चिकटवावा हे ठरवताना मात्र तिची पंचाईत व्हायची, कारण घरातलं एकही माणूस सुटत नव्हतं.

लिहायची ती शाळेतल्याच वहीत. आता उर्दूची वही म्हणजे तिची शिवण उजव्या हाताला. आपण जिथं वही संपवतो, तिथं त्यांची सुरू होते. नजमुन्निसा इंग्रजीच्या ओळी डावीकडून नीट लिहायची, पण पानं उलटायची उर्दूच्या चालीनं. नानासाहेब डोक्याला हात लावायचे. "अगं पोरी, गाडी जालन्याला निघालीय अन् तू तोंड करून बसलीस मनमाडकडं! परीक्षेत असं करशील तर तपासणाऱ्याला पहिलं पान कोरं दिसंल. तो काय शेवटापासून वाचत बसंल व्हय?"

"नाही करणार, नानासाहेब."

परीक्षेच्या आदल्या दिवशीही त्यांनी हेच बजावलं. आणि तीच त्यांची चूक झाली. घाबरट माणसाला 'पडू नको' म्हणून सांगू नये. त्याच्या पायाखालची जमीन तेवढ्यानंच हलायला लागते.

परीक्षेच्या खोलीत पन्नासेक पोरी असतील. शेजारच्या बाकावर तिच्याच शाळेतली रईसा होती, रोशन गेटकडची. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते आणि ती पुटपुटत होती ते शब्द होते की दुआ, तिलाच ठाऊक. कोऱ्या वह्या वाटल्या. घंटा झाली. नजमुन्निसानं 'बिस्मिल्लाह' म्हटलं, आणि त्याच्या लगेच पुढचा क्षण तिला नंतर काही केल्या आठवेना. लिहिलेलं आठवत होतं. गाळलेल्या जागा आठवत होत्या. 'टिमिड'चा उलट शब्दही तिनं बरोबर लिहिला होता. पण वही उघडली कोणत्या बाजूनं?

हा प्रश्न तिला परीक्षेत पडला नाही, घरी येतानाही पडला नाही. दोन-चार दिवसांनी भाकरी थापता थापता तिचे हात एकदम थांबले. तव्यावरची भाकरी जळाली, धूर झाला, अम्मी धावत आली, "काय कू ऐसी बैठी?" म्हणून विचारू लागली, आणि ही आपली दोन्ही हात समोर धरून बघत बसलेली. याच हातांनी वही उघडली होती, पण ते हात काही सांगेनात.

मग तिनं खेळच मांडला. कोरी वही उशाशी ठेवायची, मन दुसरीकडं न्यायचं आणि पटकन उघडायची. दरवेळी हात उर्दूच्या बाजूनंच जायचा. एकदा अम्मीला म्हणाली, मी बेसावध असताना वही हातात दे. अम्मीनं दिली. तीच गत!  पोरीला जेवण जाईना. झोप लागली की स्वप्नात एक लाल पेन्सिल यायची आणि कोऱ्या पानावर गोल शून्य काढून जायची.

शेवटी तिनं अम्मीला सांगितलं, परीक्षा घेणाऱ्या साहेबाला कचेरीत जाऊन भेटते. म्हणते, वही मागूनही बघा.

अम्मीनं तिच्या तोंडावर हातच ठेवला. "चूप! कचेरीत जाणार? अब्बांना कळलं तर त्यांचं काळीज बंद पडंल. झालं ते झालं. अल्लाची मर्जी."

नानासाहेबांना सोबत न्यावं, तर ते वेरूळला घृष्णेश्वराच्या अभिषेकाला जाऊन लेकीकडंच राहिलेले. पेपर तपासून होतील, निकाल लागेल, मग काय चाटायचंय? भीती दोन्हीकडून होती. जाण्याची होती आणि न जाण्याची होती. न जाण्याची थोडी जास्त निघाली, एवढंच. एरवी ही पोरगी काही झाशीची राणी नव्हती.

गल्लीत रोज भाजी घेऊन येणारी सरूबाई टोपली रिकामी करायला पुढं छावणीपर्यंत जायची, आणि साहेबाची कचेरीही तिकडंच होती. नजमुन्निसानं बुरखा चढवला, अम्मीला "खालाकडं जाते" म्हणून खोटं सांगितलं आणि सरूबाईच्या मागं चालू लागली. भडकल दरवाजा मागं पडला, खाम नदीचा पूल आला. पुलावर तिनं सरूबाईचा पदरच धरला.

"लई भ्यायलीस व्हय गं?" सरूबाई टोपली सावरत म्हणाली. "साहेब काय खातो व्हय तुला? अन् खाल्लंच तर मी हाय की हितं बाहेर. बोंब मारंन अशी, की आख्खी छावणी गोळा व्हईल."

कचेरीच्या पायऱ्या चढताना नजमुन्निसाला अब्बा दिसत होते. शिपायानं "किधर?" म्हणून विचारलं, आणि ती सरळ आतच गेली. भीतीपोटी माणूस असा कधीकधी शूर होतो.

साहेब मद्रासकडचा. त्याला ना मराठी येत होती, ना उर्दू. म्हणजे बोलायचं तर इंग्रजीतच. आजवर नजमुन्निसा इंग्रजीत बोलली होती ती फक्त शेळीशी.   रस्ताभर घोकलेलं वाक्य तिनं डोळे मिटून म्हटलं:

"सर, प्लीज सी माय पेपर फ्रॉम द अदर साइड ऑल्सो."

साहेबाला काही उमगेना. तिनं टेबलावरचा एक कागद उचलला, दुमडून त्याची वही केली आणि उर्दूच्या चालीनं उघडून दाखवली. "वुई उर्दू गर्ल्स, सर... वुई ओपन लाइक धिस." साहेबाचा चेहरा हळूहळू बदलला. त्यानं तिचा नंबर विचारला आणि कपाटातून गठ्ठा काढून तिची वही पुढ्यात घेतली.

 साहेबानं पुठ्ठा उलटला. पहिलंच पान भरलेलं होतं. तिच्याच अक्षरानं, गच्च. तिनं वही बरोबर बाजूनंच लिहिली होती!

"युवर पेपर इज ऑल राइट," साहेब म्हणाला. "व्हेरी गुड, इन फॅक्ट."

तिला तिथंच बसकण मारावीशी वाटली. हसावं का रडावं कळेना. इतके दिवस रक्त आटवलं ते कशासाठी गं बाई! पण साहेब आता तिच्याकडं बघत नव्हता. त्यानं गठ्ठ्यातल्या खालच्या वह्या काढल्या; कोऱ्या म्हणून ज्यांच्यावर शून्य काढून बाजूला टाकल्या होत्या त्या. घाबरून काही न लिहिता उठलेल्या पोरी बऱ्याच होत्या, त्यामुळं पहिलं पान कोरं दिसलं की पुढं बघायची तसदी कुणी घेतलीच नव्हती. साहेबानं एक वही उलटी केली. कोरीच. दुसरी उलटी केली. तीही कोरी. तिसरी केली, आणि तो खुर्चीत पुढं सरकून वाचू लागला.

नजमुन्निसा बाहेर आली ती तरंगतच. सरूबाईला म्हणाली, "सुटले!" सरूबाईनं तिची अलाबला घेत कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. खामच्या पुलापर्यंत हा आनंद टिकला. पुलावर मात्र तिच्या डोक्यात उजेड पडला: ती तिसरी वही कुणाची? जागा दोनच आहेत. मेलेल्या पोरीला आपणच उठवून शर्यतीत उभं केलं, ते आपल्याच पुढं! "या अल्ला," ती मोठ्यानं म्हणाली, आणि आलेली भीती घेऊनच घरी परतली. निकालापर्यंत ती नमाजात दुआ मागायची आणि दुआ मागतानाच शरमायची. कारण ती कुणाच्या तरी नापास होण्याची होती.

निकाल फळ्यावर लागला. पहिलं नाव होतं छावणीतल्या एका मुलीचं. दुसरं रईसाचं. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली नजमुन्निसा.

 घरी अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात इतका हलका होता की तिला रडूच आलं. नानासाहेब येऊन "ह्या खात्याला अक्कल नाही" म्हणून शिव्या देऊन गेले. त्यांना कचेरीतलं काहीच ठाऊक नव्हतं. अम्मीला सरूबाईकडून कळलं होतं, पण तिनं ते अब्बांपासून लपवलं होतं.

संध्याकाळी कडी वाजली. घरातले एकमेकांकडं बघू लागले. दारात रईसा होती, मिठाईचा पुडा घेऊन. आत येताच ती नजमुन्निसाच्या गळ्यात पडली.

"नजमा, तुला खरं वाटणार नाही. मी वही उलटीकडून लिहिली होती गं! बाहेर पडल्या पडल्याच कळलं मला. एवढे दिवस घरात नुसती रडत होते. अन् बघ, कुणाला तरी दया आली. कुणी बघितलं असंल गं मागून?"

नजमुन्निसाच्या मनात आलं, हिच्या झिंज्या धराव्यात. जिची वही उलटी ती घरात उशी भिजवत बसली, आणि जिची सुलटी ती पायऱ्या चढून गेली. ओठांवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोललं असतं तर मिठाईचा पुडा रईसाच्या हातातून गळून पडला असता.

"कळलं होतं तर सांगायला का नाही गेलीस?" तिनं विचारलं.

"साहेबाकडं? अगं, जीव गेला असता माझा!" रईसाचे ओठ आत्ताही तसेच पांढरे पडले होते, परीक्षेच्या खोलीतल्यासारखे. "अन् अजून तेच भ्या हाय. ट्रेनिंगमध्ये सगळं इंग्रजीत बोलायचंय. लिहिता येतं मला, पण तोंड उघडत नाही. रात्रभर झोप नाही. तू शिकवशील? ... खरं सांग, तू असतीस तर गेली असतीस का साहेबाकडं?"

पडद्याआड अम्मीची बांगडी वाजली.

नजमुन्निसानं रईसाकडं नीट पाहिलं. मग पुडा तिच्या हातातून घेऊन कोनाड्यात ठेवला.

"नाही गं," ती म्हणाली. "मी पण भ्यालेच असते. बस खाली. फोनवर समोरच्यानं नाव विचारलं तर काय म्हणशील, ते म्हणून दाखव. मोठ्यानं म्हण."