एका अक्षराची सोय

धाकटी सून कामाला वाघ, पण उगाच हात हलवायला आळशी. लिफ्टचे प्रोग्रॅम लिहायचं तिचं काम, आणि जेवणाच्या टेबलाची एक कड हे तिचं ऑफिस. फोल्डर शोधा, त्यात शिरा, फाइल उघडा, असला खटाटोप तिला नको असे. तिनं स्वतःपुरती एक कमांड बनवली होती. कॉम्प्युटरवरच्या कमांडच्या काळ्या खिडकीत कामाच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं, की अख्खं प्रोजेक्ट एडिटरमध्ये हजर. एकाच अक्षराची दोन असली, तर शेवटी उघडलेलं आधी येई.

सासूबाई म्हणत, "उद्या मलाही एका अक्षरात हाक मारशील."

"तुमची दोनच आहेत आई. तेवढी चालवून घेते."

लिफ्टची प्रोजेक्टं दोन होती, दोन्ही 'ल'चीच. एक सरावाचं, रोजचं, पडद्यावरच्या खोट्या लिफ्टचं. दुसरं खऱ्या लिफ्टचं, सासूबाईंच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना असलेल्या इमारतीतल्या. तिथं सेव्ह केलं की बदल थेट लागू. एरवी ती त्याच्या वाटेला जात नसे. काल साहेबांचा फोन आला म्हणून उघडून नुसती नजर टाकली होती.

आज सासूबाई गुडघा दाखवायला निघाल्या.

"सोबत येऊ?"

"तू आपली अक्षरं बडव. पाचवा मजला आहे, पण लिफ्ट आहे ना."

सुनेनं अक्षर टाइप केलं. एडिटर उघडला. दार लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये, ही ओळ तिनं पुसली. ती नसली तर काय होतं, ते सरावात बघायचं होतं. सेव्ह केलं. पण पडद्यावरची खोटी लिफ्ट उघड्या दारानं जागची हलेना. पुन्हा सेव्ह केलं. तरी नाही.

मग तिनं एडिटरच्या तळाशी लिहिलेलं मशीनचं नाव वाचलं. ते दवाखान्याच्या इमारतीतल्या लिफ्टचं होतं.

ओळ परत लिहिली. सेव्ह होईना. मशीनशी जोडणी तुटली होती. तिनं फोन लावला.

"आई, कुठं आहात?"

"लिफ्टपाशी. दार उघडंच आहे बाई, माझीच वाट बघत असल्यासारखं."

"आत जाऊ नका! जिन्यानं जा!"

"गुडघे तुझे की माझे? आणि ओरडतेस काय एवढी? ठेवते, आत रेंज जाते."

"आई!"

पलीकडे कुणीतरी अदबीनं विचारलं, "कितवा मजला, आजी?"

"पाचवा," सासूबाई म्हणाल्या, आणि आवाज गेला.