आभाळ आलं तरी पाणी

औशाच्या बाजारात एक म्हातारी टोमॅटो घेऊन बसायची. भर पावसातही तिचा एकही टोमॅटो तडकलेला नसे. माझ्या परसातले मात्र प्रत्येक सरीला फुटत. एकदा न राहवून मी कारण विचारलं. पदरानं टोमॅटो पुसत तिनंच विचारलं, "आभाळ आलं की पाणी बंद करतूस न्हवं, बाबा?"

मी हो म्हटलं. लातूरकडचे आम्ही, ढग दिसले की आधी बादली उचलून ठेवतो.

"मंग पाऊस पडला की तहानलेलं झाड एकदम लई पितंय अन् फळ फुटतंय. रोज थोडं दे. बुडाला उसाचं पाचट घाल."

महिन्याभरानं मी माझा टोमॅटो तिच्या हातावर ठेवला. तिनं तो फिरवून पाहिला, अंगठ्यानं दाबला आणि आपलं पोतं सरकवून शेजारी जागा केली. "पुढल्या बाजाराला पाटी भरून आण. हितं बस."