मामा थांबायचे तिथे

मामींचा फोन सकाळी आला. "अक्का, हे गेले वो," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच हातात धरून कुणाला तरी दुधाखालचा गॅस बारीक करायला सांगू लागल्या. मी फोन कानाला लावून उभी. त्या घरातलं भांडं वाजलं, कुणीतरी रडलं, मग मामींच्या लक्षात आलं असावं, फोन बंद झाला. आमच्या जुन्या नाटकवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. मला ते बारीक अक्षरांचं लिहिणं जमत नाही, म्हणून नातीनं त्यावर बातमी टाकली : आपले गुंडूमामा आज सकाळी गेले. त्यावर पहिली तीन उत्तरं आली ती हसऱ्या तोंडांची, तीही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी. चौथ्यानं लिहिलं, 'कुठं गेले, गगनबावड्याला?' नात माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, ही कसली माणसं. मी म्हटलं, त्यांच्यावर रागावू नकोस गं. गुंडूमामांची कुठलीही गोष्ट कानावर आली की आधी हसायचं आणि मग काय झालं ते विचारायचं, ही आम्हा सगळ्यांची जन्माची सवय. आणि त्या सवयीनंच आमचा घात केला... पण ते पुढं सांगते.

ज्यांनी मामांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. रंगभूमीवर मामा आले ते पडदा ओढायला. मंगळवार पेठेत शिंप्याच्या दुकानात काजं करणारा पोरगा, संध्याकाळी आमच्या नाटक मंडळीत हौसेनं पडद्याची दोरी धरायचा. एकदा दोरी अडकली आणि पडदा मध्येच लोंबकळला. मामा दोरी सोडवायला बाहेर आले, लोक ओरडायला लागले, तसे मामा हात जोडून म्हणाले, "पावणं, जरा दम धरा. आत नायिकेचं लुगडं आन् भाईर ह्यो पडदा, दोन्ही एकाच माणसानं नेसवल्यालं हाय." लोक एवढे हसले की दोरी सुटली तरी मामांना कुणी आत जाऊ देईना. त्या दिवसापासून ते आतले बाहेरचे झाले. पुढं जत्रा म्हणू नका, साखर कारखाने म्हणू नका, कुठं नाटक असलं की लोक नाटकाचं नाव विचारत नसत, गुंडूमामा हायेत का एवढंच विचारत. सिनेमावाल्यांनीही बोलावून पाहिलं. मामा गेले आणि परत आले. म्हणाले, तिथं हसायला कोण नाही, नुसतं यंत्र बघत बसतंय.

आता माझं. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि मला नायिका व्हायचं होतं. रूप बेताचं, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आणि स्वतःविषयीचं मत त्याहून लांब जाणारं. दोन वेण्या, त्यात अबोलीचे गजरे, येता-जाता दुकानांच्या काचांत बघणं... ती मुलगी आज माझ्या दारात आली तर मी कडी काढणार नाही. पण पाठांतर मात्र भारी. माझी वाक्यं पाठ, दुसऱ्यांची पाठ, कंसातल्या सूचनासुद्धा पाठ. नेसरीच्या जत्रेत माझा पहिला प्रयोग. मी घरची मालकीण, मामा नोकर. मी ठसक्यात विचारलं, "दूध कुणी सांडलं?" मामांनी म्हणायचं होतं, "मांजरानं." ते बोलेनात. माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, पाठ खाजवली, आढ्याकडे बघितलं. मला वाटलं, बिचारा विसरला. मला दया आली. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "मांजरानं सांडलं, बाईसाहेब!" आणि वर त्या उत्तरावरचं माझं रागावणंही करून दाखवलं. सगळं मैदान गप्प. मामांनी शांतपणे खांद्यावरचा पंचा काढला, घडी घातली आणि विचारलं, "मग अक्का, आता म्या घरला जाऊ?"

त्यानंतर जो हशा झाला त्यात माझं नायिकापण वाहून गेलं. अख्ख्या मंडळीची मी अक्का झाले, ती आजतागायत. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "तुझं समदं पाठ हाय न्हवं? मग तू विंगेत बस. भाईर आमी हाय मार खायाला." मी दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी विंगेत स्टूल टाकून संहिता उघडून बसले. म्हणजे प्रॉम्प्टर झाले. तिथं बसून कळलं की मामा विसरत नव्हते, थांबत होते. मला समजावत म्हणाले होते, "हशा उकळाय लागतोय, अक्का. उकळायच्या आत उतरवायचा न्हाय." त्यांच्याबरोबर काम म्हणजे वेगळंच होतं. लिहिलेलं वाक्य सोडून ते आपल्या पदरची वाक्यं घालत कुठच्या कुठं निघून जायचे. मी संहितेतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवून बसायची आणि ते परत कधी येतात तेवढ्यावर कान ठेवायची. इचलकरंजीला एकदा लाउडस्पीकर बंद पडला. समोर सगळे मागावरचे कामगार. मामांनी सगळा प्रवेश तोंडानं न बोलता हातवाऱ्यांनी केला. यंत्रांच्या खडखडाटात त्या लोकांचं बोलणं तसंच चालतं, त्यांना अक्षर न् अक्षर कळलं. मागच्या रांगेतून एकानं हातानंच काही विचारलं, मामांनी हातानंच उत्तर दिलं आणि पाचशे माणसं हसली. आम्हा विंगेतल्यांना मात्र काय झालं ते आजवर कळलेलं नाही.

अलीकडच्या वर्षांत प्रयोग कमी झाले, पण मामांना बोलावणी होतीच. आणि त्यांचं थांबणं वाढलं. पहिल्यापेक्षा जास्त थांबायचे, रंगमंचभर नुसतं बघत राहायचे, मग चपलेचा अंगठा नीट करायला म्हणून माझ्या विंगेपाशी येऊन वाकायचे. मी ओळ द्यायची, ते ताठ उभे राहून ती म्हणायचे. लोक त्या चपलेला सुद्धा हसायचे. चप्पल आली की टाळ्या. मला काय अभिमान वाटायचा! शेजारच्यांना सांगायची, बघा, ह्या वयात माणूस नवीन काय काय काढतो. मग त्यांचा सत्कार झाला. पाहुणे चांगले शिकलेले होते. मामांच्या दोन वाक्यांमधल्या शांततेवर ते इतकं छान बोलले की मी पहिल्या रांगेत बसून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. नंतर आत मामा शाल मांडीवर घेऊन चहा पीत बसले होते. मला म्हणाले, "अक्का, ते थांबणं-बिंबणं काय न्हाय. मला फुडचं दिसंनाच झालंय."

मी हसले. चांगली खळखळून हसले.

मामा कपाकडं बघत म्हणाले, "हसून झालं की सांग."

तरुणपणी हा माणूस थांबला तर मला वाटलं विसरला, आणि म्हातारपणी विसरला तर वाटलं थांबला. जन्मभर त्यांच्यापासून चार हातांवर बसून मला एवढंच कळलं होतं. मी त्यांना तशीच रिक्षात घालून घरी नेलं आणि मामींना सांगितलं. मामी, म्हणजे शालनमामी, लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "अवो, वरीस झालं, हे सकाळी उठून मला इचारत्यात, पावणं कुठनं आलासा म्हणून. मी सांगायची, माहेरास्नं. आन् दोघंबी हसायचो." डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असता तर हे इतकं वेगानं झालं नसतं कदाचित. आधी कसं येणार? सबंध गाव हसत होतं.

मामांनी नाटक आपण होऊन सोडलं, त्याचं त्यांना तितकं वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बातमी पसरली तशी माणसं भेटायला यायला लागली. येऊन समोर बसायची, मला ओळखलं का मामा असं विचारायची, मामा नुसते बघायचे आणि ती माणसं डोळे पुसत जिना उतरायची. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, "माझ्या म्होरं आजवर कोण रडल्यालं न्हाय, अक्का. हे मला सोसंना. तू माघं बस." एवढंच त्यांना हवं होतं, आलेला माणूस रडत जाऊ नये. मग रोज दुपारी मी त्यांच्या आरामखुर्चीमागं, स्वयंपाकघराच्या पडद्याआड, मेथी निवडायचं निमित्त करून स्टूलवर बसू लागले. जिन्यात पाऊल वाजलं की वाकून बघायचं आणि मामांच्या कानाशी सांगायचं : धाकटा जावई, इचलकरंजीचा, सुताचा धंदा, पोट सुटलंय. जावई आत येतो न येतो तोच मामा म्हणायचे, "या जावईबापू. सूत बारीक काढतासा आन् सोता का वो असं जाड?" जावई हसत बसायचा, हसत जायचा, आणि खाली जाऊन सांगायचा, मामा अगदी ठणठणीत आहेत.

माझं कुजबुजणंही तसं साधं नाही, तिसऱ्या रांगेपर्यंत जातं. एकदा एका जुन्या नटाविषयी, ह्यांनी दुसरं लग्न केलंय, असं मी कानात सांगितलं, ते त्या गृहस्थांनीही ऐकलं आणि गॅलरीतल्या शेजारणीनंही. मामा मान न वळवता म्हणाले, "मी इसारलो हुतो, ते बरं हुतं. अक्कानं आता गल्लीला पाठ करून घेतलं." तो नट हसून हसून खुर्चीवरून घसरला. त्या दुपारी मला खरंच वाटलं की आपण जिंकतोय.

मग एके दिवशी पडद्यातून मामी चहा घेऊन आल्या. बाहेरचं कुणी नव्हतं. मामांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान किंचित माझ्या बाजूला कलती केली. ती खूण मी हजार वेळा पाहिली होती. ओळ दे. मी मेथीची जुडी हातात घेऊन बसले. मला ते नाव तोंडातून काढवेना. कपबशी तशीच धरून मामी उभ्या होत्या, त्यांनी मामांची मान पाहिली, माझं तोंड पाहिलं.

"सांगा की, अक्का," त्या म्हणाल्या. "कोण हाय मी ते सांगा त्यास्नी."

मी सांगितलं. शालन. तुमची मालकीण. मामांनी ऐकलं, थोडा वेळ घेतला, मग मामींना म्हणाले, "वळखतो की. हिच्या भ्यानंच नाटकात पळून गेलतो." मामी हसल्या. पण वर्षभर ज्या हसण्यानं हसल्या होत्या, ते हे हसणं नव्हतं. त्या रात्री... नको, ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. एवढं खरं, की त्यानंतर चहा आणताना मामी जिन्यापाशी जाऊन मुद्दाम पाऊल वाजवायच्या आणि मग आत यायच्या, म्हणजे मला सांगायला वेळ मिळावा.

मामा झोपेतच गेले. शोकसभेत भाषणं झाली, एकानं त्यांचे दोन विनोद सांगितले, त्यांवर कुणी फारसं हसलं नाही.

आता कार्य उरकून काही आठवडे झाले, तरी दुपार झाली की माझे पाय तिकडेच वळतात. मेथीही नेते. मामींनी मामांना नाटकात कधी समोर बसून पाहिलेलं नाही. तू म्होरं दिसलीस की मला घर आठवतंय, असं म्हणून मामांनी त्यांना लग्नानंतर कधी येऊच दिलं नव्हतं. म्हणून मागच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ते काय करायचे ते मला एकदा वाचून दाखवा. मी एक जुनं नाटक घेऊन गेले. दुसऱ्या अंकात नोकर दारात येतो. मालक विचारतो, इतका वेळ कुठं होतास? लिहिलेलं उत्तर आहे, बाजारात. मी वाचलं. मामी म्हणाल्या, "एवढंच म्हणायचे?"

"छे. दर वेळी निराळं म्हणायचे."

"मग त्यातलं एक तरी सांगा की."

मी आठवायला बसले. एक आठवेना. शेकड्यांनी प्रयोग झाले, माणसं पोट धरून हसली, आणि मी चार हातांवर, विंगेत, पुढच्या ओळीवर बोट ठेवून बसलेली. ते काय बोलताहेत हे मी कधी ऐकलंच नाही. ते परत कधी येतात तेवढंच ऐकत होते. छापलेलं सगळं आजही मला पाठ आहे. त्यातलं मामांचं काहीच नाही.

मामी वाट बघत होत्या. त्यांना रिकामं कसं ठेवायचं म्हणून मी मामांच्या आवाजात, जमेल तसं, तिथल्या तिथं एक रचून म्हटलं. बरं होतं, खोटं कशाला बोलू. शाळेत म्हटलं असतं तर वर्ग हसला असता. मामींनी ते मन लावून ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"न्हाय वो अक्का. हे तुमचं हाय."

पुढची ओळ मालकाची होती. मी तिच्यावर बोट ठेवलं, पण लगेच वाचली नाही; मामा थांबायचे तिथं थांबले. मामींनीही घाई केली नाही.