आत्यासाठी वेळ नदीचं पाणी

पाबळच्या पुलावर स्कूटर उभी केली, खाली पाहिलं आणि मन खट्टू झालं. वेळ नदी म्हणून जे दिसत होतं ते बाभळींमधून सरकणारं हिरवट पाणी. खेडच्या डोंगरात उगम पावून ही नदी शिरूर तालुका उतरते आणि भीमेला मिळते. नकाशात ती बोटभरही नाही, पण आम्हा केंदूरकरांना तिचं भारी अप्रूप!

मी निघाले होते आत्यासाठी. लग्न होऊन ती भीमेपलीकडे, दौंड तालुक्यातल्या राहूबेटात गेली. आता अंथरुणाला खिळली आहे. परवा फोनवर म्हणाली, "पोरी, येकदा येळंच्या झिऱ्याचं पाणी पाज मला. मग कवाबी बोलावणं येऊ दे."

झिरा (कोरड्या नदीच्या वाळूत हाताने उकरलेला पाण्याचा खड्डा) आमच्या लहानपणी प्रत्येक घराचा असायचा. आत्या माहेरपणाला आली की वाटीवाटीने हंडा भरायची आणि मी ओल्या वाळूत पाय खुपसून तिला टेकून बसायची. किती सुखाचे दिवस होते ते!

केंदूरला नदीत उतरले तर वाळूच नाही. नुसता गाळ. पाय घोट्यापर्यंत रुतला आणि एक चप्पल नदीने ठेवून घेतली. शिक्रापूरला नवी घेताना दुकानदाराला विचारलं, "इथून नदी कुठे लागते?"

"नदी? वो पुल के नीचे नाला है, वही?"

मला इतका राग आला की मिसळ न खाताच निघाले. पोटाने मग वाटभर त्याचा जाब विचारला.

तळेगाव ढमढेरेच्या पुढे मात्र वाळूचा एक तुकडा सापडला. एक म्हातारे धनगर मामा तिथे मेंढरांना पाणी पाजत होते. माझी सगळी हकीकत ऐकून ते वाळू उकरू लागले. पाणी साचताच मी बाटली पुढे केली.

"थांबा की ताई. पयलं पाणी नदीचं असतं," म्हणत त्यांनी ते ओंजळीने पात्रात टाकलं. ही रीत मी साफ विसरले होते. पाणी निवळेपर्यंत त्यांनी मला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला.

बाटली भरल्यावर ते म्हणाले, "खरं सांगू का? ह्ये येळंचं न्हाई. येळ होळीलाच आटती. वर भीमेवरल्या चासकमान धरणाच्या कालव्याला पाणी सुटलंय, त्येच झिरपतंय. म्हंजी भीमाचंच की."

विठ्ठलवाडीजवळ वेळ भीमेला मिळते, तिथे मी स्कूटर थांबवली. आत्याला सांगावं की गप्प बसावं? शेवटी वळसा घालून भीमेचा पूल ओलांडला आणि राहूबेट गाठलं.

आत्याला उशीला टेकवून बसवलं. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले. "येळंचंच हाय नव्हं?"

मला खोटं बोलवेना. कालवा, धरण, भीमा, सगळं सांगून टाकलं. आता ही रडणार, असं वाटलं.

"म्हंजी ह्ये माझ्या सासरचं पाणी? माझ्या माहेरी जातंय?"

"व्हय, आत्या."

"आन् मग फिरून हिथंच येतंय?"

मी मान डोलावली.

"बरं हाय त्येचं," आत्या म्हणाली. "तुझा बाप गेल्यापासनं मला काय जाता आलं न्हाई." आणि तिने बाटली तोंडाला लावली, ती पार रिकामी करूनच खाली ठेवली.

परतताना पुन्हा संगमाजवळून गेले. यातलं पाणी कुठल्या नदीचं, हे मला आता सांगता यायचं नाही. पुढच्या रविवारी गाडी करून आत्याला केंदूरला न्यायचं ठरवलं आहे.